माघ-फाल्गुनातली कोकणातली वाडी: पहिल्यांदाच हात घालणाऱ्यांसाठी

मुंबई-पुण्याहून गावच्या घरी येऊन राहणारी मंडळी आता बरीच झालीयत, आणि बहुतेकजण येतात ते दिवाळीनंतर किंवा जानेवारीत. हवा छान असते, विहीर भरलेली दिसते, मग भाजी करूया, कलमं लावूया, अजून दहा माड लावूया असं सगळं एकदम डोक्यात येतं. त्यांच्यासाठी हे लिहितेय. जानेवारी संपताना ते मार्चअखेर, म्हणजे पौषाची अखेर, माघ आणि फाल्गुन, एवढ्या काळात रत्नागिरी, सिंधुदुर्ग, दक्षिण रायगड या पट्ट्यातल्या जांभ्या मातीच्या वाडीत काय करायचं, कुठल्या क्रमाने करायचं आणि काय मुद्दाम करायचं नाही.

माझं सगळं सांगणं एका गोष्टीभोवती फिरतं ते आधीच सांगते. या दोन महिन्यांत जे काही कराल ते मे महिन्याचं पाणी समोर ठेवून करा. कोकणात पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो, पण तो सगळा जून ते ऑक्टोबरात, आणि जांभा पाणी धरून ठेवत नाही. फेब्रुवारीत हिरवीगार दिसणारी वाडी एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात माना टाकते, त्याचं कारण बहुतेक वेळा एप्रिलमध्ये नसतं, फेब्रुवारीत असतं.

१. आधी विहीर मोजा

काहीही पेरायच्या आधी हे करा. एक सुंभ घ्या, टोकाला दगड बांधा, विहिरीत सोडून पाण्याची पातळी बघा आणि काठावर कोळशाने किंवा रंगाने खूण करा. मग संध्याकाळी मोटार लावून पाणी दोनेक फूट खाली जाईपर्यंत उपसा आणि सकाळी परत बघा किती भरलं. हे फेब्रुवारीच्या सुरुवातीला एकदा आणि मार्चमध्ये परत एकदा केलं की विहिरीचा स्वभाव कळतो. शिवाय शेजारी जे कोणी आजोबा-काका पन्नास वर्षं तिथेच राहिलेत त्यांना विचारा की मे महिन्यात या विहिरीचं पाणी कुठपर्यंत जातं, कुठला दगड उघडा पडतो, ते बरोबर सांगतात आणि त्यांच्या सांगण्याला कुठल्याही मीटरपेक्षा जास्त किंमत द्या.

आता हिशोब. १० फूट व्यासाची गोल विहीर असेल तर १ फूट पाणी म्हणजे साधारण २,२०० लिटर, म्हणजे इंचाला १८० च्या आसपास. मोठ्या माडाला उन्हाळ्यात ठिबकने रोज ३० ते ४० लिटर लागतं, पोफळीला १५ ते २०, आणि भाजीला चौरस मीटरला ५ लिटरच्या आसपास, म्हणजे पूर्ण गुंठाभर भाजी केली तर रोज ५०० लिटर. दहा माड, पंचवीस पोफळी आणि गुंठाभर भाजी एवढं धरलं तरी रोजचे तेराशे-चौदाशे लिटर होतात, विहिरीचे सात-साडेसात इंच. तेवढं मे महिन्यात रात्रभरात परत भरत नसेल तर काहीतरी कमी करायचंय हे आताच ठरवा. आणि कमी करायची ती भाजी. माड एकदा पाण्याला चुकला की त्याचा फटका पुढे वर्ष-दीड वर्षं नारळांवर दिसत राहतो, भाजी काय पुढच्या वर्षी परत करता येते. पहिल्या वर्षी पाव गुंठा भाजी पुष्कळ झाली, चार माणसांच्या घराला खाऊन उरते.

२. आळी आणि आच्छादन (सगळ्यात मोठं काम हेच)

फेब्रुवारी उजाडायच्या आत पाचोळा गोळा करायला घ्या. फणस, आंबा, काजू, सगळ्यांची पानं या दिवसांत खाली पडत असतात आणि नवीन माणूस पहिली गोष्ट काय करतो तर अंगण-परस स्वच्छ झाडून ढीग करून पेटवून देतो. कृपा करून पेटवू नका. तो पाचोळा हेच तुमचं एप्रिल-मेचं पाणी आहे, जमिनीतली ओल उडू न देण्याचं याहून स्वस्त साधन नाही आणि पावसात कुजला की खतही तोच.

माडाचं आळं बुंध्यापासून सहा फुटांपर्यंत असतं, काम करणारी मुळं तिथपर्यंत असतात. बुंध्याला लागून बादलीएवढं खळगं करून त्यात पाणी ओतत राहणं हा प्रकार खूप ठिकाणी दिसतो, त्याने माडाला फारसं काही मिळत नाही. आळं उथळ ठेवा, खोल खणू नका, मुळं तुटतात. त्यात आधी भरपूर पाणी द्या, मग अर्धा फूट जाडीचा पाचोळा, त्यावर झावळ्यांचे तुकडे म्हणजे वाऱ्याने उडत नाही. नारळ सोलल्यावरची सोडणं असतील तर ती अजून चांगली, वरून आच्छादन म्हणून घालताना पाठ वर आणि पोट खाली अशी मांडा. चर खणून पुरणार असाल तर उलट, पोट वर, म्हणजे पाणी त्यात साठतं. कोरड्या मातीवर पाचोळा टाकून वरून पाणी मारलं तर अर्धं पाणी पाचोळाच पितो, त्यामुळे आधी पाणी मग पाचोळा हा क्रम सोडू नका. आणि बुंध्यापासून वीतभर जागा मोकळी ठेवा, नाहीतर वाळवी आच्छादनाखालून थेट खोडावर चढते.

माडाला खताचे तीन हप्ते असतात, जून, ऑक्टोबर आणि फेब्रुवारी. पाच वर्षांवरच्या माडाला फेब्रुवारीचा हप्ता म्हणजे साधारण पाऊण किलो युरिया आणि त्याहून थोडं कमी म्युरेट ऑफ पोटॅश. पण हे फक्त पाण्याची सोय असेल तरच. कोरड्यात खत घालू नका. शेणखतावर चालवायचं असेल तर तेही चालेल, पण शेणखताच्या खड्ड्याबद्दल खाली सांगतेय ते वाचा.

३. माडाच्या शेंड्याकडे बघा

पाडेली (म्हणजे माडावर चढणारा माणूस) मिळणं हल्ली कठीण झालंय, तो आला की नुसते नारळ पाडून घेऊन सोडू नका, शेंडा साफ करून घ्या. वाळलेल्या झावळ्या आणि जुनी जाळी काढायची, हिरवी झावळ मात्र एकही तोडायची नाही. खालच्या हिरव्या झावळ्या "माड मोकळा दिसावा" म्हणून तोडतात, त्याने उत्पन्न कमी होतं आणि ताज्या जखमेच्या वासाने सोंड्या भुंगा येतो, तो एकदा खोडात शिरला की कळेपर्यंत बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. याच कारणासाठी चढायला खोडाला खाचा पाडू देऊ नका.

नव्या झावळ्या कात्रीने त्रिकोणी कापल्यासारख्या दिसल्या तर तो गेंडा भुंगा. पाडेल्याकडून तारेच्या आकड्याने तो ओढून काढायचा, आणि शेंड्याजवळच्या दोन-तीन पानांच्या बेचक्यात डांबरगोळ्या ठेवून वर वाळू घालायची. पण खरा इलाज जमिनीवर आहे. हा भुंगा वाढतो तो शेणखताच्या खड्ड्यात आणि कुजलेल्या माडाच्या ओंडक्यात. फेब्रुवारी-मार्चमध्ये खड्डा एकदा पूर्ण उपसून उलटा करा, पांढऱ्या जाड अळ्या सापडतील, करंगळीपेक्षा जाड असतात, त्या वेचून कोंबड्यांना घाला. पावसाच्या सुरुवातीला याच अळ्यांचे भुंगे होऊन माडावर जातात. वाडीत पडलेला जुना ओंडका असेल तर तो फोडून सरपणाला लावा.

झावळीच्या खालच्या बाजूला पांढऱ्या चकल्या-चकल्या आणि वरच्या बाजूला काळी बुरशी दिसली तर ती चक्राकार पांढरी माशी, गेल्या काही वर्षांत सगळीकडे पसरलीय. जोरदार विषारी फवारणीच्या मागे लागू नका, तिला खाणारे मित्रकीटकही मरतात आणि मग ती अजून वाढते. लहान माड असेल तर पाण्याचा जोरात फवारा खालून मारा, नीमतेल मारा, बाकी पाऊस आणि मित्रकीटक बघून घेतात.

पोफळीचं एक वेगळं आहे. तिचं खोड नैऋत्येकडच्या दुपारच्या उन्हाने भाजतं, पिवळा पट्टा पडतो, मग तिथे चीर पडून खोड मोडतं. फेब्रुवारीतच त्या बाजूला खोडाला झावळ किंवा पोफळीची विरी (पानाचा देठाकडचा रुंद भाग) बांधून टाका. श्रीवर्धनच्या जुन्या आगरांत पोफळीत केळी दिसतात त्या नुसत्या केळ्यांसाठी नसतात, छोट्या रोपांना सावली मिळते.

४. आंबा: हात आवरायचा काळ

आंब्याबाबत सगळ्यात जास्त घाई होते. मोहोर आला की नवीन माणसाला वाटतं झाडाला आता ताकद हवी, म्हणून पाइप लावून देतो. हापूसला मोहोरात पाणी द्यायचं नाही, पालवी फुटते आणि मोहोर जातो. फळं वाटाण्याएवढी झाली की मग सुरू करायचं, दर पंधरा दिवसांनी मोठ्या झाडाला १५० ते २०० लिटर, असं तीन-चार वेळा, आणि काढणीच्या महिनाभर आधी बंद. दापोलीच्या बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाची ही शिफारस आहे, झाडाखाली गवताचं आच्छादन घालून केलं तर गळ नक्की कमी होते. वाटाणा, गोटी आणि अंडं अशा तिन्ही आकारांना १ टक्का पोटॅशियम नायट्रेटची (१० लिटर पाण्यात १०० ग्रॅम) फवारणीही करतात.

गळ होणारच हे मात्र समजून घ्या. एका तुऱ्यावर शेकडो फुलं असतात, त्यातली बरीचशी नर असतात, तुऱ्याला एक-दोन आंबे टिकले तरी झाड भरलं म्हणायचं. खाली पडलेल्या बारीक कैऱ्या बघून रोज औषध बदलत बसू नका.

खरे दोन शत्रू म्हणजे तुडतुडे आणि भुरी. झाडाखाली उभं राहिल्यावर किडे उडून तोंडावर येतात, पानं चिकट लागतात, नंतर काळी पडतात, ते तुडतुड्यांचं काम. मोहोरावर पीठ भुरभुरल्यासारखं दिसतं ती भुरी, ढगाळ हवा आणि सकाळचं दव असलं की येते. भुरीला पाण्यात मिसळणारं ८० टक्के गंधक, १० लिटरला २० ग्रॅम, सकाळी लवकर किंवा उन्हं उतरल्यावर, भर दुपारी मारलं तर मोहोर करपतो. तुडतुड्यांसाठी काय आणि कधी मारायचं ते तुमच्या भागाच्या कृषी सहाय्यकाला विचारून करा, दुकानदाराला नाही. आणि मोहोर पूर्ण फुललेला असताना काहीही मारायचं नाही, परागीकरण करणाऱ्या माशा त्याच वेळी येतात, त्या मेल्या तर फळ कुठून धरणार.

झाडावर वेगळ्याच पानांचा झुबका दिसतोय, लांबट फुलं आहेत आणि छोटे पक्षी तिथे घुटमळतायत, तर ते बांडगूळ. नुसतं ओरबाडून काढलं की परत फुटतं, फांदीसकट फूटभर मागून कापावं लागतं. त्या फांदीला यंदा मोहोर असेल तर बांडगुळाची फुलं-फळं आता खुडून टाका म्हणजे बी पसरणार नाही आणि फांदी आंबे उतरवल्यावर कापा.

फळं अंड्याएवढी झाली की हाताला येणाऱ्या फांद्यांवरच्या आंब्यांना कागदी पिशव्या बांधा, वर्तमानपत्राच्या घरी केलेल्या पण चालतात. डाग पडत नाहीत आणि फळमाशीही लागत नाही. बाकीच्या झाडासाठी मार्चअखेरीला एक फळमाशी सापळा टांगा, घरच्या वाडीला एखाद-दुसरा पुरतो.

गेल्या जूनमध्ये लावलेली कलमं असतील तर त्यांचा हा पहिला उन्हाळा, आणि नव्या वाडीतली बरीच कलमं याच उन्हाळ्यात जातात. आठवड्याला एकदा ३० लिटर पाणी द्या, एकदम नाही, हळूहळू मुरू दे. जुनं मडकं बुडाला बारीक भोक पाडून कलमाशेजारी पुरलं आणि भरत राहिलं तर उत्तम. पश्चिमेच्या बाजूने झावळीचा आडोसा करा. जोडाची प्लॅस्टिकची पट्टी अजून तशीच असेल तर सोडून टाका, नाहीतर ती खोडात रुतते. जोडाच्या खालून आलेला फुटवा दिसला की खुडायचा, तो खालच्या रायवळ (बियांपासून वाढलेल्या साध्या) आंब्याचा असतो आणि कलमाला मारून स्वतः वाढतो. अजून एक, कमरेएवढ्या कलमाला मोहोर आला की सगळ्या घराला आनंद होतो, पण पहिली तीन-चार वर्षं तो मोहोर खुडायचा. मन घट्ट करून खुडा.

५. काजू, फणस, मिरी

काजूच्या कोवळ्या शेंड्यांवर काळे चट्टे पडून शेंडा सुकला तर ती ढेकण्याची (रस शोषणाऱ्या किड्याची) लागण, नवी पालवी आणि मोहोर असतानाच लक्ष ठेवावं लागतं. बाकी काजूला फारसं काही लागत नाही. बी पडायला मार्चमध्ये सुरुवात होते, त्याआधी झाडाखालचं गवत काढून जमीन साफ करा म्हणजे बी दिसते. झाडावरून ओढून काढू नका, पिकून पडलेलीच वेचा, बोंडू वेगळं करून दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवा.

फणसाबद्दल दरवर्षी कोणीतरी घाबरून विचारतं की छोटे फणस काळे पडून गळतायत, रोग आलाय का. ती नराची कणसं असतात, बोटाएवढी, ती काळी पडून गळायचीच. जी जाड देठाची, खोडाला किंवा जाड फांदीला लागलेली असतात ते फणस. एका जागी चार-पाच लागले असतील तर दोन ठेवून बाकीच्या कुयऱ्या आताच भाजीला काढा, उरलेले चांगले पोसतात आणि कुयरीच्या भाजीसाठी याहून चांगला मुहूर्त नाही.

माडा-पोफळीवर मिरीचा वेल चढलेला असेल तर तो विसरला जातो, आणि पक्षी खाऊन जातात. घोसातला एखादा-दुसरा दाणा नारिंगी-लाल झाला की अख्खा घोस काढायचा, सगळे लाल व्हायची वाट बघायची नाही. दाणे सोडवून टोपलीत किंवा फडक्यात बांधून उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवा आणि मग उन्हात घाला, रंग एकसारखा काळाभोर येतो आणि लवकर वाळते. साधारण तीन किलो हिरव्या मिरीची एक किलो काळी मिरी होते.

६. भाजी

जानेवारीअखेर ते फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा हा बदलाचा काळ. लाल माठ आणि मुळा अजून टाकू शकता, महिन्याभरात हाताशी येतात. मेथी, नवलकोल, कोबी वगैरे आता सुरू करू नका, उन्हाने मेथी फुलावर जाते, कोबी गड्डा धरत नाही.

फेब्रुवारीत टाकायची ती भेंडी, चवळी, गवार, काकडी, दुधी, दोडका, कारलं. पहाटे अजून चांगली थंडी पडत असेल तर भेंडी आठ दिवस उशिरा टाका, थंड मातीत बी कुजतं. भेंडीचं बी रात्रभर भिजवून दीड फुटावर ओळी आणि ओळीत अर्ध्या फुटावर बी, एक इंचापेक्षा खोल नको. दर पंधरा दिवसांनी थोडी-थोडी टाका, एकदम सगळी टाकली की एका आठवड्यात खाऊन संपत नाही आणि मग काहीच नाही. चवळीत दापोली विद्यापीठाची कोकण सदाबहार ही जात नवीन माणसाला सगळ्यात सोपी, बुटकी असते, मांडव लागत नाही, ६० ते ६५ दिवसांत तयार.

वेलांना दीड फूट रुंद आळी करून प्रत्येकात घमेलंभर चांगलं कुजलेलं शेणखत आणि माती मिसळून घ्या. कारल्या-दुधीचं बी कडक असतं, टोक किंचित तोडून रात्रभर भिजवा. एका आळ्यात चार बिया टाकून पुढे दोन जोमदार रोपं ठेवायची. दोन पानांवर असताना लाल भुंगेरे येऊन पानांची चाळण करतात, सकाळी दव असताना ते सुस्त असतात तेव्हा हाताने वेचून साबणाच्या पाण्यात टाका, वर चुलीची राख भुरभुरा. ही आठ-दहा दिवसांची लढाई आहे, चार-पाच पानं आली की वेल सुटतो. काकडी-दोडक्याला फळमाशी लागते, तिच्यासाठी आंब्याचा सापळा चालत नाही, आंब्याला मिथिल युजेनॉलचा लागतो आणि काकडीवर्गाला क्यू ल्युरचा, दुकानात नीट सांगून घ्या.

मावा, पांढरी माशी वगैरेसाठी निंबोळी अर्क पुरतो. अर्धा किलो निंबोळीची भरड रात्रभर पाण्यात भिजवा, सकाळी फडक्यातून पिळून १० लिटर करा, थोडासा साबण घाला आणि संध्याकाळी पानांच्या खालच्या बाजूने मारा. दर आठवड्याला मारला तरच उपयोग, एकदा मारून सोडून दिला तर नाही. निंबोळ्या मे-जूनमध्ये पडतात तेव्हा वाळवून ठेवायच्या हे लक्षात ठेवा.

खाली भाताचा मळा असेल आणि दिवाळीआधी त्यात कोणी वाल टाकून ठेवला असेल तर त्याच्या शेंगा आता भरल्यात. रायगडकडे याच दिवसांत पोपटी लागते, मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी घालून वरून जाळ. आपल्या वालाची पोपटी एकदा करून बघाच. थोड्या शेंगा मात्र वेलावरच पूर्ण वाळू द्या आणि बियाणं राखेत घोळवून ठेवा, गावठी बी बाजारात विकत मिळत नाही.

७. वणवा

हा भाग कोणी वगळू नका. जानेवारीअखेरीला डोंगरावरचं आणि कातळावरचं गवत पूर्ण वाळतं आणि तेव्हापासून मेपर्यंत एखाद्या विडीने, कोणी बांधावरचं गवत पेटवल्याने, विजेच्या तारेच्या ठिणगीने आग लागते. वाऱ्याबरोबर ती एका दुपारीत काजू-आंब्याच्या बागा खाऊन जाते, वीस वर्षांची कलमं डोळ्यांदेखत जातात. वाडीच्या हद्दीने, विशेषतः डोंगराच्या बाजूला, आठ-दहा फूट रुंद जाळपट्टा मातीपर्यंत साफ करा, गवत नाही, पाचोळा नाही. गडगा (दगडी कुंपण) असला तरी करा, गवताच्या ज्वाळा गडग्यावरून येतात. आच्छादनाचा पाचोळा या पट्ट्याच्या आतच आणि शक्यतो ओला ठेवा. विहिरीजवळ पाइप पटकन जोडता येईल असा ठेवा, चार हिरवे डहाळे आणि पाण्याचं पिंप हाताशी. शेजाऱ्यांनी मिळून पट्टा काढला तर एकट्याने काढण्यापेक्षा दहापट उपयोगी. आणि स्वतः काहीही पेटवू नका, भाजावळ (पेरणीआधी जमीन भाजणं) करणारे जुने लोक वारा, वेळ, माणसं सगळं बघून करतात, ते नुसतं बघून येत नाही.

८. पाचोळ्यात हात घालताना

गमबूट घाला, आधी काठीने ढवळा मग हात घाला. घोणस पाचोळ्यात असते, फुरसं कातळावर आणि दगडाखाली असतं आणि ते इतकं लहान दिसतं की लोक दुर्लक्ष करतात. चावल्यास बांधाबांधी, चिरणं, भगत हे काही नाही, हात-पाय न हलवता थेट ग्रामीण रुग्णालय. जवळच्या कुठल्या सरकारी दवाखान्यात सर्पदंशावरचं प्रतिविषाचं इंजेक्शन असतं ते आजच विचारून फोन नंबर भिंतीवर लिहून ठेवा.

सिंधुदुर्गात दोडामार्ग-सावंतवाडीच्या बाजूला असाल तर अजून एक. तिथे २०१६ पासून माकडतापाचे रुग्ण सापडलेत, तो गोचिडीमुळे होतो आणि जानेवारी ते मे हाच त्याचा काळ. त्यामुळे आच्छादनासाठी जंगलातला पाला आणू नका, आपल्या वाडीतलाच वापरा. काजू वेचायला जाताना पूर्ण बाह्यांचे कपडे, उघड्या अंगाला आरोग्य केंद्रातून मिळणारं प्रतिबंधक तेल, घरी आल्यावर गरम पाण्याने आंघोळ आणि कपडे गरम पाण्यात. कुठे माकड मरून पडलेलं दिसलं तर जवळ जाऊ नका, आरोग्य केंद्राला कळवा. वेचणीनंतर ताप आला तर डॉक्टरांना जंगलात गेल्याचं स्वतःहून सांगा.

९. माणसं आणि शिमगा

कामाला माणसं लागणार असतील तर कॅलेंडर बघा. फाल्गुनात शिमगा, पालख्या घरोघरी फिरतात, त्या दिवसांत गावात एक माणूस कामाला मिळणार नाही आणि बोलावूही नये. तुम्हीही पालखीला जा, नवीन माणसाला गाव ओळखायला त्याहून चांगला प्रसंग नाही, आणि पाडेली कोण, विहिरीचा गाळ कोण काढतो, कलमं कोण बांधतो हे सगळं तिथेच कळतं. जाळपट्टा, आळी, झावळ्या, शेणखताचा खड्डा ही चार कामं शिमग्याच्या आधी संपवा. पुढे ऊन इतकं वाढतं की सकाळी दहानंतर माणूस उभा राहत नाही.

१०. मार्चअखेर: जूनची तयारी

नवीन झाडं आता लावू नका, कितीही स्वस्तात मिळाली तरी. लावणी जूनमध्ये. पण कलमांची नोंदणी आताच करा, विद्यापीठाच्या दापोलीच्या रोपवाटिकेत, वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रात किंवा माडाची रोपं हवी असतील तर रत्नागिरीजवळ भाट्याच्या नारळ संशोधन केंद्रात. पावसाच्या तोंडावर गेलात तर हवी ती जात मिळत नाही. काजूत वेंगुर्ला ४ आणि वेंगुर्ला ७ या खात्रीच्या. कोकम लावायचं असेल तर कलमच घ्या, बियांपासून केलेल्या रोपांत निम्मी नर निघतात आणि ते कळायला सहा-सात वर्षं जातात.

खड्डे मार्च-एप्रिलमध्ये काढा, मीटरभर लांब, रुंद, खोल, आणि मेपर्यंत उन्हात तापू द्या. वरची माती एका बाजूला आणि खालची मुरमाड दुसऱ्या बाजूला असा ढीग वेगळा ठेवा, भरताना वरची माती शेणखतात मिसळून खाली जाते. आंब्याला १० मीटर, माडाला साडेसात, काजूला ७ ते ८ अंतर. आता रिकामं रिकामं वाटेल म्हणून जवळ लावाल तर पंधरा वर्षांनी एकमेकांत घुसतात आणि मग कुठलं तोडायचं हा प्रश्न येतो. मधल्या जागेत पहिली काही वर्षं केळी, अननस, चवळी काहीही घ्या, विहिरीचा हिशोब बसत असेल तेवढंच. जिथे पाइप पोचत नाही तिथे खड्डाच काढू नका, डोक्यावर कळशी नेऊन पहिल्या उन्हाळ्यात कलम जगवणं बोलायला सोपं आहे.